चिऱ्याच्या घराची चावी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. देवगड आणि मालवणच्या मधल्या एका वाडीत सकाळी सातच्या सुमाराला पोचले, तेव्हा घराच्या छपरावर दोन माणसं चढलेली होती. एक जण कौलं काढून देत होता. दुसरा ती खालच्या पडवीच्या उतारावर घसरत सोडत होता आणि खळ्यात उभी असलेली तिसरी व्यक्ती ती झेलून ओळीने रचत होती. ही तिसरी व्यक्ती म्हणजे घरच्या वहिनी. पदर खोचलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हाताला शेवाळाचा हिरवट-काळा रंग लागलेला. एक कौल उचलायचं, खराट्याने घासायचं, बोटाच्या पेराने ठोकायचं. खणखणीत वाजलं तर उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. डावीकडची कौलं पुन्हा छपरावर जाणार नव्हती.

याला शाकारणी म्हणतात. पाऊस दाराशी यायच्या आत कौलारू घराचं सगळं छप्पर हातांखालून जायला लागतं. कुजलेली रीप बदलायची, सरकलेलं कौल जागेवर आणायचं, माकडांनी फोडलेलं काढायचं, पन्हळीत साचलेला पाचोळा उपसायचा. कोकणात जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढ्या पावसात एका फुटक्या कौलातून आलेली धार एका मोसमात वासा कुजवते. वासा गेला की वरची कौलं बसतात, मग पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर येतं आणि मातीत बांधलेली भिंत आतून भिजायला लागते. चिऱ्याचं घर पडतं ते असं, वरून खाली.

हे घर वहिनींच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं आहे. गेली काही वर्षं त्याच्या दोन खोल्या आणि पुढची पडवी दिवाळीपासून मेपर्यंत पाहुण्यांना भाड्याने दिली जाते. मी विचारलं, ‘‘वहिनी, या पैशांचं काय करता?’’ हातातलं कौल खाली न ठेवता त्या म्हणाल्या, ‘‘पावण्यांच्या पैशातसून पयली कौलां, ताई. मगे बाकीचां.’’

हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. समुद्राजवळचं जुनं दगडी घर सुट्टीसाठी भाड्याने देणं ही आज हौसेची आणि जाहिरातीची गोष्ट झाली आहे. पण कोकणात या व्यवहाराचा खरा हिशेब छपरावर मांडला जातो.

हवेत घट्ट होणारा दगड

हा दगड म्हणजे जांभा. तो कापून आयताकृती केला की त्याला चिरा म्हणायचं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारांवर, तो पायांखाली पसरलेला असतो. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी लाखो वर्षं खालचा खडक झिजवला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगं मागे उरली. लोहामुळे त्याला गेरूसारखा तांबडा रंग येतो. अंगभर भोकं असतात, एखाद्या जाळीदार आंबोळीसारखी.

फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य आणि निरीक्षक १८०० साली म्हैसूर-मलबारच्या प्रवासाला निघाला होता. केरळात अंगडिपुरमजवळ त्याने पाहिलं की जमिनीतला हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापला जातो, आणि कापून उघड्यावर ठेवला की विटेसारखा टणक होतो. लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात, त्यावरून त्याने दगडाला नाव दिलं लॅटराइट. १८०७ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं आणि जगभरच्या भूशास्त्रात हा शब्द रुजला. आमच्याकडच्या पाथरवटाला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. खाणीतून काढलेला चिरा तो लगेच भिंतीला लावत नसे. उन्हापावसात तापू-भिजू देई. दगडातल्या लोहाच्या संयुगांमधलं पाणी हवेत निघून जातं, त्यांचे स्फटिक घट्ट बांधले जातात आणि दगड पक्का होतो.

फूट-सव्वा फूट लांबीचा हा चिरा उचलायला चांगलाच जड असतो. जुन्या घरांत तो मातीत बांधत, ऐपत असेल तिथे शिंपल्यांच्या चुन्यात. भिंत दीड-दोन फूट जाड. मी ज्या घरात उतरले होते तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येत होतं, तेही दोघींना. दुपारी दोन वाजता खळ्यातली जमीन पाय भाजत होती आणि माजघरातल्या भिंतीला गाल लावला तर ती माठासारखी गार लागत होती. भिंत दिवसाचं ऊन हळूहळू पीत असते आणि ते आतपर्यंत पोचायच्या आत संध्याकाळ होते.

घराची अंगं

चिऱ्याच्या घरात कुठलंही अंग सजावटीसाठी नसतं. पुढे सारवलेलं खळं, त्यात तुळशीवृंदावन. मग तीन-चार पायऱ्या चढून जोतं, कारण पावसाळ्यात अंगणातून पाणी वाहतं. मग पडवी, तिच्यावर छप्पर खूप खाली उतरलेलं, इतकं की उंच माणसाला वाकून आत यावं लागतं. यामुळे तिरका पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. आत ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी, न्हाणी आणि विहीर. वाशांना ऐन, किंजळ, फणस. माजघर मुद्दाम अंधारं, कारण अंधारात घर गार राहतं.

कौलांचाही एक इतिहास आहे. आधी गावच्या कुंभाराने घडवलेले अर्धगोल नळे असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं गलबतांतून किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. आज ज्याला आपण अस्सल कोकणी छप्पर म्हणतो ते असं बाहेरून येऊन आपलं झालं. चांगली आणि कामाची वस्तू स्वीकारण्यात जुन्या माणसांनी कधी कमीपणा मानला नाही, हे घर बदलायला निघालेल्या आजच्या मालकाने लक्षात ठेवावं.

आणखी एक अंग डोळ्यांना दिसत नाही: धूर. चुलीचा धूर माजघराच्या माळ्यातून वर चढायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. वर्षानुवर्षं त्या धुराने वासे काळे आणि निब्बर होत. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना तो सोसत नाही. म्हणजे घरात रोज शिजणारा भातसुद्धा घराची देखभाल करत होता.

कुलूप लावलेली घरं

आता त्याच वाडीत फिरून या. मी फिरले. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक घर बंद होतं. दाराला गंजलेलं कुलूप, खळ्यात गुडघाभर रान, छपराच्या मधोमध खड्डा. मुंबईच्या गिरण्यांनी, गोदीने, पुढे सरकारी कचेऱ्यांनी कोकणातली माणसं पोटासाठी नेली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो, घर झाडतो, आरास करतो, विसर्जन झालं की जातो. आधी म्हातारी आई घरात असते, तोवर चूल पेटते. ती गेली की वर्षातले पन्नास आठवडे घर बंद.

माझ्या आजोळचं घर असंच गेलं. वेंगुर्ल्याकडचं, सात खोल्यांचं. आजी गेल्यावर मामा लोक गणपतीला जात, नंतर गणपतीही मुंबईला आणले. मध्ये एकदा घर ‘कायमचं पक्कं’ करायचं ठरलं. एका ठेकेदाराने बाहेरच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षं घर नव्यासारखं दिसलं. नंतर आतल्या बाजूने भिंतीला ओल चढली, मिठासारखी पांढरी पूड सुटली आणि जोत्यालगतचे चिरे हाताने भुगा होतील इतके मऊ झाले. जांभ्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि भोकांतून ती हवेत सोडते. बाहेरून सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच कोंडते, आणि खाऱ्या हवेतलं मीठ दगडाला पोखरतं. त्यात शाकारणी करणारं कुणी नव्हतं. पाच-सहा पावसाळ्यांत माजघराचं छप्पर खाली आलं. मी शेवटची गेले तेव्हा देवघराच्या कोनाड्यात पिंपळ उगवला होता. आजीच्या घराची चावी अजून माझ्या आईच्या कपाटात आहे. ती लावायला दार उरलेलं नाही.

म्हणून वाडीतल्या एका वृद्ध गवंड्याने जे सांगितलं ते मला ऐकताक्षणी पटलं. पन्नास वर्षं त्यांनी चिऱ्याची कामं केली आहेत. ते म्हणाले, ‘‘बंद घर कुसता, बाय. घराक माणसां व्हयी.’’ माणसं असली की खिडक्या उघडतात, जमीन सारवली जाते, गळती पहिल्या दिवशी कळते, वाळवीची मातकट रेघ भिंतीवर चार बोटं चढायच्या आत कुणीतरी ती खरवडतं.

पाहुण्यांनी उघडलेली दारं

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ला, कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. रात्री दादरला गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरायला लागला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने घरातल्या जादा खोल्या पाहुण्यांना देण्याला अधिकृत चौकट दिली. तारकर्ली, देवबाग, भोगवे, गुहागर, हर्णे, दिवेआगर इथल्या घरांच्या फाटकांवर हळूहळू पाट्या लागल्या.

या वाटेवर मला सगळ्यांत शिकण्यासारखं गाव वाटतं ते मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला माणसं येऊ लागली, तर त्यांना ठेवायचं कुठे? गावात हॉटेल नव्हतं. गावाने आपली घरं उघडली. पाहुणा ओटीवर झोपतो, घरात शिजलेलं जेवतो, सकाळी कासवं बघतो. आधी जी अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी उकरली जात, त्यांच्याभोवती आता गावच कुंपण घालतं. घर आणि किनारा दोन्ही एकाच व्यवहाराने राखले गेले.

कायदाही या वाटेच्या आड येत नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजांना आपल्या असलेल्या घरात होमस्टे चालवता येतो. अट अशी की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. पुळणीलगत नवं बांधकाम करायला सतरा अडथळे, पण आजोबांचं घर आहे तसं ठेवून पाहुणे घ्यायला मुभा. जुनं घर ही अडगळ नसून तोच परवाना आहे, असा याचा अर्थ मी घेते.

खरी अडचण येते ती घरातूनच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पणजोबांचं नाव, वारस अकरा, त्यांतले चार मुंबईत, दोन पुण्यात, एक दुबईत. कुणी एकाने घर दुरुस्त करून भाड्याने द्यायचं म्हटलं की भाऊबंदांत कुजबुज सुरू होते. मी पाहिलेल्या चांगल्या चाललेल्या घरांमध्ये एक गोष्ट सारखी होती: आधी बसून कागद केला होता. घर कोण सांभाळणार, उत्पन्नातून प्रथम दुरुस्ती, उरलं तर वाटणी, गणपतीचे दिवस घर सगळ्यांचं, तेव्हा पाहुणे बंद. असा साधा लेखी करार वकिलाकडून करून घेतला की भावाभावांत बोलणं तुटत नाही. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची नोंद सरकारकडे द्यावी लागते, हेही नव्या यजमानाला आधीच सांगायला हवं.

काय बदलावं, काय नाही

वहिनींच्या घरात मी तीन रात्री राहिले. न्हाणीला फरशी आहे, आत स्वच्छ संडास आहे, गरम पाण्याची सोय आहे. विजेच्या तारा लाकडात न खुपसता नळीतून, भिंतीच्या बाहेरून नेल्या आहेत. एवढंच बदललं. ओटीला अजून शेणाचं सारवण, झोपायच्या खोल्यांना तांबडी कोबा जमीन. वातानुकूलन नाही. रात्री खिडकीतून खारा वारा येत होता आणि समुद्राची गाज चिऱ्यातून गाळून आल्यासारखी मंद ऐकू येत होती.

शौचालय हा यातला सगळ्यांत गंभीर विषय आहे. जांभा जाळीदार असल्याने त्यातून पाणी झपाट्याने झिरपतं. शोषखड्डा विहिरीच्या जवळ किंवा उताराच्या वरच्या अंगाला खणला, तर त्यातली घाण विहिरीत उतरते. पाहुण्यांची संख्या वाढली की धोका वाढतो. खोल्या किती द्यायच्या हे विहीर आणि खड्डा बघून ठरवावं.

जे करू नये त्याचीही यादी लांब नाही. भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचा किंवा मातीचा चालतो, आणि उघडा चिरा सगळ्यांत चांगला. कौलं उतरवून स्लॅब टाकू नये, त्या भिंती तो भार घेण्यासाठी बांधलेल्या नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हर्णे, आंजर्ले इथली छपरं उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. त्या दिवसांत कौलं आणि पत्रे मिळेनासे झाले होते. तेव्हा ज्यांच्याकडे परसात जुनी कौलं रचून ठेवलेली होती, त्यांनी आपलं घर स्वतःच्या हाताने झाकलं. वहिनींच्या गोठ्यामागेही अशी तीनशे-साडेतीनशे कौलं रचलेली आहेत. कौलारू छपराचा मोठेपणा हा की ते तुकड्या-तुकड्याने मोडतं आणि तुकड्या-तुकड्यानेच दुरुस्त होतं.

सड्यावरचा खड्डा

होमस्टेला बरे दिवस आले तशी एक नवी चाल निघाली आहे. ‘अस्सल कोकणी चिऱ्याचा बंगला’ म्हणून शहरातल्या माणसांसाठी नवीकोरी घरं बांधली जात आहेत. दिसायला देखणी असतात. पण त्यांतला प्रत्येक चिरा कुठल्या तरी सड्यावरून येतो. चिरेखाणीत आता यंत्राचं पातं फिरतं, आणि जिथे पावसाळ्यात सोनकी, सीतेची आसवं फुलत, तिथे सरळ कडांचा चौकोनी खड्डा उरतो. याच सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत: उक्षीचा हत्ती, बारसूच्या आकृती, कशेळी, देवीहसोळ, कुडोपी. २०२२ मध्ये कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. दगड एकच. एके ठिकाणी तो वारसा, दुसऱ्या ठिकाणी ट्रकचा माल.

नवं घर कुणी बांधूच नये, असं मी म्हणणार नाही. माणसांना घरं लागतात. पण भाड्याने द्यायचं घर नव्याने बांधण्याआधी शेजारची पडकी भिंत बघावी. पडलेल्या घराचा चिरा वाया जात नाही. माती झाडून, कोपरे तासून तो पुन्हा लागतो, आणि शंभर पावसाळे खाल्लेला चिरा खाणीतल्या ताज्या चिऱ्याहून भरवशाचा असतो, असं त्या गवंडीकाकांचं म्हणणं आहे. त्यांनी मला एक भिंत दाखवली. खालचे थर आजोबांच्या वेळचे काळपट, वरचे तीन थर पडक्या गोठ्यातून आणलेले. सांधा शोधायला मला बराच वेळ लागला.

दोघांनाही सांगणं

जो सुट्टीसाठी अशा घरात जाणार आहे त्याला माझं सांगणं आहे की घर निवडताना पोहण्याचा तलाव आणि टीव्ही विचारू नका. छप्पर कशाचं आहे, घरची माणसं जवळपास राहतात का, जेवण घरात शिजतं का, हे विचारा. घासाघीस करू नका, कारण कमी केलेला पैसा कौलांतून कमी होतो. विहिरीचं पाणी मार्चनंतर खाली जातं, ते जपून वापरा. जमलं तर जुलैतही जा. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी तेव्हा बंद असते, समुद्रात उतरता येत नाही, पण पडवीत बसून पागोळ्या बघण्यासाठीच हे घर बांधलेलं आहे असं वाटायला लागतं. आणि घराला पावसाळ्यातच माणसांची खरी गरज असते.

आणि ज्याच्या कपाटात गावच्या घराची चावी आहे, त्याने ही दिवाळी संपण्यापूर्वी एकदा जाऊन यावं. छपरावर माणूस चढवून बघावं. वासे शाबूत असतील तर घर वाचलेलं आहे. भावंडांना फोन करावा, कागद करावा, न्हाणी नीट करावी, वाडीतल्या एखाद्या वहिनीला, काकीला तिचा रास्त वाटा देऊन चावी तिच्या हाती द्यावी. पाहुणे येतील. त्यांच्या पैशातून पहिल्यांदा कौलं परतावीत.

पुढचा पाऊस ७ जूनच्या आसपास येईल. शाकारणीला आठ दिवस पुरतात.